चौथे टोक

‘ही घटना शंभर टक्के खरी आहे’ या वाक्याने सुरू होणाऱ्या कथा मी आयुष्यभर हसण्यासाठी वाचल्या. ज्याची हयात तर्कशास्त्र शिकवण्यात गेली, त्याने भुतांच्या गोष्टी दुसऱ्या कशासाठी वाचायच्या?

आज तेच वाक्य मला लिहावे लागत आहे.

ही घटना खरी आहे. ती माझ्याच बाबतीत घडली. पुरावा म्हणाल तर एक कोळीण, एक क्रेनवाला आणि माझा उजवा खांदा. यातली एकही साक्ष उलटतपासणीत टिकणार नाही, हे मला तुमच्याआधी ठाऊक आहे.

रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती. निराशा झाली असेल तर क्षमस्व.

गेल्या दिवाळीनंतरचा रविवार होता. भर दुपार होती. आणि जागा होती परळमध्ये, बंद पडलेल्या एका मिलच्या भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या आमच्या तीन मजली इमारतीचे गॅरेज.

इमारत रिकामी झाली होती. पुनर्विकास. सगळी बिऱ्हाडे भाड्याच्या घरांत पांगली होती. जिन्यात दिवा नव्हता, टाकीत पाणी नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्डरची माणसे ताबा घ्यायला येणार होती.

शेवटचा रहिवासी मी.

आणि गॅरेजमध्ये नानांची गाडी.

नाना म्हणजे माझे वडील. मिलच्या दवाखान्यातले डॉक्टर. गाडी स्टँडर्ड हेराल्ड, साठीच्या दशकातली. तिचे टायर बसले होते, काचांवर धुळीचा थर होता, तरी दार उघडले की आत अजून स्पिरिटचा आणि नानांच्या रेक्झिनच्या बॅगेचा वास येई. मी ती टेंपोतून गावी नेणार होतो. आठवडाभर आधी क्रेनवाल्या तुळशीदासने खाली वाकून पाहिले, बोटाने चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, दाबली आणि बोटच आत गेले.

“सर, चासी सडलीय. अख्खी उचलली ना, मधनं मोडणार. वरची बॉडी वेगळी काढून अंगणात आणून ठेवा, मग मी दोन्ही नेतो.”

“आणि नाही जमले तर?”

“तर काय, ताब्याच्या दिवशी सकाळी बिल्डरचा भंगारवाला गेटवर उभाच असणार. आणि एकट्याने हात लावू नका हां. चार माणसांचं काम आहे ते.”

चार माणसे.

या दोन शब्दांवर मी तेव्हाच थांबायला हवे होते.

त्या रात्री धाकट्या बहिणीचा, मीनाक्षीचा, फोन आला.

“दादा, कुणाला तरी बोलव रे. राजेशना सांग, ते देतील माणसं.”

“राजेशना एकदा बोलावले होते.”

ती हळूच म्हणाली, “किती वर्षं तेच धरून बसणार आहेस?”

“जितकी मला मिळतील तितकी.”

“मग मर एकटा गाडीखाली,” असे म्हणून तिने फोन ठेवला आणि लगेच पुन्हा करून विचारले, “जेवलास का?”

आता ‘तेच’ म्हणजे काय, ते सांगणे भाग आहे.

टाळेबंदीच्या पहिल्या उन्हाळ्यात नाना गेले. घरातच, खुर्चीत, चहाचा कप हातात असताना. ताप नव्हता, खोकला नव्हता. वय झाले होते. या इमारतीतल्या प्रत्येक मयताला नानांनी खांदा दिला होता. तिरडी तेच बांधायचे. बांबू कुठला घ्यायचा, सुंभाची गाठ कुठे मारायची, सारे त्यांना पाठ. इमारतीत कुणी गेले की लोक आधी नानांचे दार वाजवत आणि मग रडायला बसत.

मी सगळी दारे वाजवली.

एकही उघडले नाही.

तिसऱ्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राजेश दाराआडून बोलले. “सर, समजून घ्या. घरात लहान मुलं आहेत.” त्यांना एकच मुलगी, आणि ती तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती.

अखेर पालिकेचे, पांढऱ्या पोशाखातले दोघे आले. नानांना पिशवीत घातले, चेन ओढली, आणि नेले. मला शववाहिकेत बसू दिले नाही. राख मिळाली नाही. तपासणीचा अहवाल नंतर आला. संसर्ग नव्हताच. तो अहवाल मी जिन्यातल्या फळ्यावर लावला. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी त्यावर पाण्याच्या वेळा चिकटवल्या.

माणसे अशी असतात, हे मी अनेक भाषांतून वाचले होते. वाचणे आणि फळ्यापुढे उभे राहणे, यांत फरक आहे.

तेव्हापासून मी या इमारतीकडे काही मागितले नाही. तिला काही दिलेही नाही.

म्हणून गाडी मी एकटाच काढणार होतो. नानांचे एवढेच शिल्लक होते. ते भंगारात जाऊ द्यायचे नव्हते, आणि ते वाचवण्यासाठी त्या लोकांपैकी एकाचाही हात लागू द्यायचा नव्हता.

या गाडीची बॉडी चासीवर बोल्टांनी बसवलेली असते. आठवडाभर मी तीच सोडवत होतो. बॉनेट, सीटा, स्टिअरिंगचा दांडा, वायरी. गंजलेल्या बोल्टांना रोज तेल पाजले. दारांच्या चौकटीत लाकडे ठोकून बसवली, नाहीतर उचलताना बॉडी मधून दुमडते. मग बॉडीखालून दोन जाड वासे आडवे सरकवले. एक पुढे, एक मागे. दोन्ही बाजूंना त्यांची टोके बाहेर आली.

चार टोके.

एकट्या माणसाची युक्ती सोपी आहे. एका टोकाखाली जॅक लावायचा, थोडे उचलायचे, खाली लाकडी ठोकळा सरकवायचा. मग पुढचे टोक. मग त्याच्या पुढचे. अशा फेऱ्या घालत बॉडी वर चढवायची.

रविवारी दुपारी मी पहिले टोक उचलले. ठोकळा सरकवला. जॅक घेऊन पलीकडच्या बाजूला गेलो.

ते टोक आधीच वर होते.

खाली ठोकळा नव्हता. काहीच नव्हते. वाशाचे टोक हवेत होते...

मी स्वतःला समजावले. चौकटीला पीळ पडला असेल. एक बाजू उचलली की दुसरी वर येते. स्पष्टीकरण वाईट नव्हते. मी ठोकळा सरकवला आणि मागच्या टोकाकडे गेलो.

तेही वर होते.

तेवढ्यात कुणीतरी हुंकार दिला. जड वस्तू खांद्यावर घेताना माणसाच्या घशातून निघतो तसा, दबलेला...

“हं.”

मी वळलो. गॅरेजमध्ये मी, गाडी आणि कोपऱ्यातला तुटका पंखा.

आणि वास. तपकिरीचा.

“ओ सर! पापलेटं हायेत, ताजी. घेता का?”

मी दचकलो ते रखमाच्या आवाजाने. ही वरळी कोळीवाड्याची बाई. माझी आई असल्यापासून आमच्याकडे मासे देते. इमारत रिकामी झाली तरी रविवारी ती माझ्यासाठी गल्लीत वळायची. दाराबाहेर उन्हात तिने टोपली उतरवली होती.

“एकट्याला कशाला पापलेट, रखमाबाई?”

“एकट्यानंच खावं. वाटा मागायला कोन नाय.” ती हसली. मग आत डोकावली. “अगो बाई, डॉक्टरांची गाडी! हिचा काय इस्कोट केलाव? मना या गाडीतनं नेलेलं त्यांनी, माज्या दीपेशच्या बाळंतपनाला. भरतीचं पानी रस्त्यावर, नि मी मागं बोंबलतेय. डॉक्टर म्हनं, रखमा, वाटेत नको हां, सीट नवीन हाय.”

मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी. ती खाली वाकून टोपलीतले मासे निवडू लागली. वाकलेली असताना तिची नजर बॉडीखालच्या फटीतून पलीकडे गेली.

ती तशीच राहिली.

“सर... मानसं कवा बोलावलीव?”

“कोणती माणसे?”

“ती पलीकडं उभी हायेत ती.”

“पलीकडे कुणी नाही. मी एकटा आहे.”

तिने माझ्याकडे पाहिले. पुन्हा फटीतून पाहिले. तिचा आवाज अगदी खाली गेला.

“मंग ते पाय कुनाचे?”

मी वाकलो नाही. मला सांगता येत नाही, का. एवढेच विचारले, “कसे आहेत?”

“म्हाताऱ्या मानसांचे. अनवानी.” तिने टोपली डोक्यावर घेतली. घाईत नव्हे, अदबीने, जसे एखाद्या मयताच्या घरून निघावे तशी. दारातून म्हणाली, “सर, तुमी बी चपला काढा.”

पापलेट तिने उंबऱ्यावर तसेच ठेवले होते. पैसे घेतले नाहीत.

मी चपला काढल्या नाहीत. मला राग आला होता. माझे भयसुद्धा रागाच्याच वाटेने येते. मी जॅक उचलला आणि काम चालू ठेवले. फेरीमागून फेरी. प्रत्येक फेरीत मी एकच टोक उचलत होतो. बाकीची तीन मी पोचायच्या आधीच वर गेलेली असत, आणि मी मुकाट्याने त्यांच्याखाली ठोकळे सरकवत होतो.

बॉडी रिकामी होती. सीटा काढलेल्या, काचा काढलेल्या, मागची डिकीसुद्धा मोकळी. तरी जॅकचा दांडा जड जात होता. आत कुणी झोपले असावे तसे वजन होते. मागच्या बाजूला अधिक, पुढे कमी...

बॉडी चासीपासून सुटून वासे ठोकळ्यांवर टेकले, तेव्हा मी थांबलो. घशाला कोरड पडली होती. घरात जाऊन बाटलीतल्या पाण्याचा चहा स्टोव्हवर केला. रिकाम्या घरात कपबशीचा आवाजसुद्धा परका वाटतो. भिंतीवर नानांच्या फोटोचा चौकोन तेवढा उजळ राहिला होता.

गॅरेजमध्ये परत आलो.

बॉडी फिरलेली होती.

नीट समजून घ्या. खाली चासी होती तशीच, तोंड दाराकडे. तिच्यावर, ठोकळ्यांवर, बॉडी तोलून ठेवलेली. फक्त आता तिचे तोंड मागच्या भिंतीकडे होते.

गॅरेजची रुंदी बॉडीच्या लांबीपेक्षा कमी आहे. ती आत फिरूच शकत नाही. फिरवायची तर बाहेर अंगणात न्यायला हवी. अंगणातल्या धुळीवर माझ्या आणि रखमाच्या पावलांखेरीज एक ठसा नव्हता.

आमच्याकडे मयत नेताना अर्ध्या वाटेवर विसावा असतो. तिरडी खाली ठेवतात, तिची दिशा बदलतात, खांदेकरी जागा बदलतात आणि मग पुढे निघतात.

मी चहाला गेलो होतो. त्यांनी विसावा घेतला होता.

पळून जावे असे वाटले नाही, असे नाही. पण कुठे? वर तीन मजले कुलूपबंद होते. गल्लीत दुपारची सामसूम होती. बहीण ठाण्याला होती, फोनपुरती. मी त्या गॅरेजमध्ये मोठ्याने बोललो. कुणाशी, ते ठाऊक नसताना.

“आता आलात? तेव्हा कुठे होता? मी दारे वाजवत होतो तेव्हा?”



तपकिरीचा वास अगदी जवळ आला, कानाशी. आणि तो वास मी ओळखला.

दुसऱ्या मजल्यावरचे दौलतराव. मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते, मालवणी शिव्या देत कॅरम खेळत, आणि तपकिरीची डबी कमरेला. त्यांना जाऊन वीसेक वर्षे झाली. त्यांची तिरडी नानांनी बांधली होती आणि पुढचा खांदाही नानांचाच होता.

मी दारे वाजवली तेव्हा दौलतराव त्या दारांमागे नव्हते. उरलेले दोघे कोण, ते मला कळले नाही. पण तेही नसणार.

माझा राग चुकीच्या पत्त्यावर गेला होता. जिवंतांनी नाकारले होते. आले होते ते नानांनी पोचवलेले.

तेवढ्यात, चासीला अडकलेली ब्रेकची एक नळी दिसली. ती सोडवायची राहिली होती. मी बॉडी आणि चासी यांच्या मधल्या फटीत हात घातला, आणि माझा धक्का ठोकळ्यांना लागला.

ते घसरले.

लाकडे कोसळल्याचा आवाज आला. माझा हात आत कोपरापर्यंत होता. मी डोळे मिटले.

काही झाले नाही.

डोळे उघडले. सगळे ठोकळे जमिनीवर पसरले होते. बॉडी हवेत होती. तीन टोके समपातळीत, अढळ. चौथे माझ्या बाजूचे. ते हळूहळू खाली झुकत होते, माझ्या हाताच्या दिशेने...

कुणी घाई करत नव्हते. ते वाट पाहत होते.

मी चपला काढल्या. हात नळीसकट बाहेर ओढला, वाशाखाली गेलो आणि उजवा खांदा लावला.

वजन आले.

ते पत्र्याचे वजन नव्हते. शेवटच्या वर्षी मी नानांना न्हाणीघरात उचलून नेत असे. ते वजन मला पाठ होते.

आम्ही चाललो. मी ‘आम्ही’ लिहितो आहे आणि त्याचे मलाच आश्चर्य वाटते. माझ्या पावलाबरोबर पलीकडे पाऊल पडत होते, मागेही पडत होते. नास्तिक माणसाच्या तोंडून जे निघू नये ते पुटपुटत आम्ही दाराबाहेर पडलो. “श्रीराम जय राम...” मी थांबलो तरी ते थांबले नाही. मागून येत राहिले, घोगरे, मालवणी हेलातले.

अंगणात बदामाच्या झाडाखाली आम्ही ती टेकवली.

मी मागे पाहिले नाही. तशी रीत आहे.

सकाळी तुळशीदास आला. बॉडीभोवती एक फेरी मारली, चुकचुकला, खूश झाला.

“बघा, शेवटी लावलीत ना माणसं! किती होती?”

“चार,” मी म्हणालो. ते खोटे नव्हते.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. म्हाताऱ्या मुलाला बापाचे ओझे एकदा उचलायला मिळाले, एवढेच त्यातून निघाले असते, आणि अशा गोष्टींवर मला झोप लागते.

गाडी गावी पोचली. मी दादरला, शिवाजी पार्कच्या मागे एका खोलीत भाड्याने राहायला आलो. उजवा खांदा दुखत होता. डॉक्टर म्हणाले, वय.

पौषातल्या एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला.

“सर, मी तेजस्वी. तिसऱ्या मजल्यावरची. राजेश... माझे बाबा गेले.”

मी खुर्ची ओढून बसलो.

“आम्ही फणसवाडीत राहतो आता, मामाच्या जागेत. इथे आम्हाला कुणी ओळखत नाही. बिल्डिंगमधल्या सगळ्यांना फोन केले. कुणी विरारला आहे, कुणी उचलतच नाही. गावाहून माणसं यायला रात्र होईल.” ती रडत नव्हती. रडून झाले असावे. “सर, तुम्ही याल का? चौथा माणूस नाहीये.”

या क्षणाची मी वर्षानुवर्षे वाट पाहिली होती. वाक्यसुद्धा तयार होते, घासूनपुसून ठेवलेले. ते मी शांतपणे उच्चारले.

“तेजस्वी, समजून घे. घरात लहान मुले आहेत.”

 तिला वाक्य ओळखीचे वाटले असावे. त्या दिवशी ती त्याच दारामागे होती.

मग ती म्हणाली, “सर, सॉरी. तेव्हाचं सगळ्याचंच सॉरी. पण... तुम्ही नाही म्हणताय, तर मग हे असं काय म्हणतायत?”

“कोण?”

“हे तिघं. मघाशी आले. मला वाटलं, तुम्हीच पाठवलेत. तिरडी बांधून बसलेत. मी म्हटलं, चौथा नाहीये. तर त्यातले एक आजोबा म्हणाले...”



“काय म्हणाले?”

“म्हणाले, ‘ओरडा नको करू, बाय. तो निघालो हा.’”

मी तिला सांगणार होतो की मी माझ्या खोलीत, खुर्चीत बसलो आहे. कुठेही निघालेलो नाही. निघणारही नाही.

तेव्हा तळव्यांना गार लागले.

मी जिन्यात होतो. फोन कानाला, दार वर उघडे, पाय अनवाणी. शेवटची पायरी उतरून झाली होती, आणि रस्त्यावर मला पाहून एका टॅक्सीवाल्याने गाडी आधीच थांबवली होती.

राजेशना मी खांदा दिला. शेजारच्या तिघांकडे पाहिले नाही.

मी राजेशना क्षमा केलेली नाही. हे मला इथे ठामपणे नोंदवायचे आहे, कारण अशा कथांच्या शेवटी लोक क्षमा करतात. माझा राग होता तिथेच आहे, होता तेवढाच आहे.

फक्त आता मला कुणी विचारत नाही.

त्या इमारतीत बारा बिऱ्हाडे होती. बहुतेक म्हातारी माणसे. थंडी वाढली आहे. काल रात्री मी मीनाक्षीला दाराला बाहेरून कुलूप लावायला सांगितले आणि किल्ली तिच्याबरोबर ठाण्याला पाठवली.

आज सकाळी जाग आली तेव्हा दार उघडे होते...